सुवर्णकमळ आणि पुढची तारीख

एखाद्या मराठी सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला की पुण्या-मुंबईकडे दिग्दर्शकाच्या दृष्टीबद्दल लिहून येतं. अंबाजोगाईजवळच्या घाटनांदुरात स्टेशनजवळच्या हॉटेलात पेपर उलगडता उलगडता पहिला प्रश्न येतो, "भेटले किती?"

२०१५ साली चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं, तेव्हा मी आकडा मोठ्या अभिमानानं सांगितला. निर्मात्याला अडीच लाख, दिग्दर्शकाला अडीच लाख. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भज्यांच्या कढईमागून आवाज आला, "अडीच लाखात दोन बोअर व्हत्यात. अन् पाणी लागलंच आसं बी न्हाई." देशातल्या पहिल्या नंबरच्या सिनेमाचं मोल असं झटक्यात ठरलं आणि चर्चा सोयाबीनच्या भावाकडे वळली.

दुसरा प्रश्न असतो, "वशिला कुणाचा?" शहरातला रसिक या प्रश्नानं दुखावतो. त्यानं दुखावून घेऊ नये. पुरस्कार नावाच्या वस्तूशी गावाचा संबंध जुना आणि जवळचा आहे. भूषण, रत्न, गौरव आणि जीवनगौरव हे पीक आमच्याकडे दुष्काळातही बुडत नाही. फ्लेक्सवर ज्याचा फोटो मोठा त्याला पुरस्कार, आणि ज्याचा त्याहून मोठा त्याच्या हस्ते. शाल, फेटा, नारळ आयोजकांकडून. सन्मानचिन्हाचं पुष्कळदा सत्कारमूर्तीनंच बघायचं. आदर्श शिक्षक व्हायचं तर आपण कसे आदर्श आहोत याचा प्रस्ताव गुरुजींनाच कात्रणं आणि फोटो लावून तयार करावा लागतो. शेजारचे गुरुजी तो प्रस्ताव करत होते तेव्हा आदर्शपणाच्या कामात महिनाभर त्यांचं वर्गाकडे लक्ष नव्हतं. हे सगळं जवळून पाहिलेला माणूस सुवर्णकमळाकडेही जरा तिरप्याच नजरेनं बघणार.

आणि गावाचा संशय अगदीच बिनबुडाचा नसतो. २००४ साली संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळालं. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं, त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला हा मान आला. (श्यामच्या आईला ते पदक द्यायला हवं होतं का, हा वाद आमच्याकडे कधी झाला नाही. ज्या सिनेमाला घरातल्या सगळ्या बायका रडतात त्याला विरोध करून जेवायला कुठे जायचं?) पुढे 'श्वास' भारताकडून ऑस्करला गेला. तिकडे सिनेमा नुसता पाठवून भागत नाही, लोकांनी तो बघावा म्हणून खर्च करावा लागतो, आणि तेवढा पैसा निर्मात्यांकडे नाही, असं कळलं; महाराष्ट्रभर मदत गोळा झाली. ती बातमी हॉटेलात मोठ्यानं वाचली गेली तेव्हा एकाचा चेहरा उजळला. "म्हंजी बक्षीस मिळवायला तिकडं बी आधी वर्गणी काढावी लागती?" त्या दिवशी अमेरिका आम्हाला आमच्याच तालुक्यातली वाटली.

पैसे आणि वशिला यांचा निकाल लागला की मग सिनेमा बघायचा. तो बघायला मिळणं ही वेगळी अडचण. गावाकडचं दुःख दाखवणारा सिनेमा व्हेनिसला लागतो, बर्लिनला लागतो, घाटनांदूरला लागत नाही. तो आमच्याकडे येतो पुण्यात शिकणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपमधून, दिवाळीच्या सुट्टीत. पण आला की मात्र त्याची जी परीक्षा होते तशी दिल्लीतही होत नसेल. दिल्लीचे परीक्षक आशय बघतात. आमच्याकडे मान बघतात. बाईच्या डोक्यावरची घागर भरलेली आहे की रिकामी, ते मानेवरून कळतं. टाचा बघतात. खुरपं कसं धरलंय ते बघतात. औताला जुंपलेला बैल मालकाच्या आवाजाला वळतो की कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या, हे तर सहा वर्षांचं पोरगंही सांगतं.

ऊसतोडीचा प्रसंग असला तर बोलायलाच नको. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं कारखान्यांवर जातात. ज्यानं मुकादमाची उचल घेऊन हंगामच्या हंगाम कोपीत काढले त्याला पडद्यावरची मोळी फसवू शकत नाही. एका सिनेमात (नाव कशाला घ्या, बक्षीस आहे त्याला) नायक ऊस तोडून दमून खाली बसतो आणि आभाळाकडे बघतो. कॅमेराही बघतो. बराच वेळ. आमच्या गल्लीतला एकजण म्हणाला, "ह्यो आभाळाकडं बघूलालाय, अन् तेचं वाडं तिकडं दुसराच नेऊलालाय. खरा आसता तर आधी वाडं बांधून इकाय गेला आसता. ह्यो हिरो हाय." वाडं म्हणजे उसाचा शेंडा. तो जनावरांच्या चाऱ्याला विकून तोडणाऱ्याचा रोजचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. समीक्षेत हा मुद्दा कुठे आलेला मला दिसला नाही.

या परीक्षेत काही सिनेमे मात्र ताठ मानेनं पास झाले. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' त्यातला. डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू झाल्यावर जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर निघून जातं. त्या प्रसंगाला सगळे हसले आणि मग आपण कशाला हसलो म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला 'कोर्ट'च्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव मिळाला; त्यातल्या मेंढरांवर कुणाचा आक्षेप नव्हता. पण हा सिनेमा काढायला दिग्दर्शकानं स्वतःची जमीन विकली, हे कळल्यावर मेंढरं राहिली बाजूला. "बापानं इकू दिली कशी?" यावर रात्री उशिरापर्यंत खल झाला, आणि पुरस्काराची रक्कम एकरी काय पडते याचाही हिशेब झाला.

उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'ची गोष्ट निराळी. त्याला सुवर्णकमळ मिळालं २०१२ साली, 'ब्यारी' नावाच्या सिनेमाबरोबर वाटून. नाना पाटेकर असल्यामुळे तो आमच्याकडे न सांगता बघितला गेला होता. करडी नावाची गाय शोधता शोधता केश्याला दत्त दिसतात, गावात देऊळ उभं राहतं, दवाखान्याची गोष्ट मागे पडते आणि दुकानं पुढे येतात. लोक पोट धरून हसले. "आगदी आपल्यावाणी हाय," असं प्रत्येकानं शेजारच्या गावाकडे बोट दाखवून सांगितलं. सिनेमा संपला तेव्हा दारात पावतीपुस्तक घेऊन दोघं उभे होते, कमानीची वर्गणी. हसून लाल झालेल्या चेहऱ्यांनी सगळ्यांनी पावत्या फाडल्या. सिनेमानं समाज बदलतो की नाही, असे परिसंवाद भरतात तेव्हा मला ते पावतीपुस्तक आठवतं. मात्र सिनेमा खोटा आहे असं कुणीही म्हटलं नाही. वर्गणीही दिली आणि सिनेमालाही मान दिला. याला आमच्याकडे विरोधाभास मानत नाहीत.

पाण्याच्या सिनेमाला आमच्याइतका हक्काचा प्रेक्षक दुसरा नाही. आदिनाथ कोठारे यांच्या 'पाणी'ला २०१९ साली पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. नांदेड जिल्ह्यातलं नागदरवाडी, तिथले हनुमंत केंद्रे, आणि पाणी नाही म्हणून अडलेलं लग्न, अशी खरी घडलेली गोष्ट. म्हणजे आमच्याच भागातली. आम्ही वाट बघत बसलो. सिनेमा प्रदर्शित झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. आधी नारळ, पाच वर्षांनी नळ! हॉटेलात कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. उलट नळाला पाणी आलं याचंच कौतुक झालं. लग्नासाठी पाण्याचं काम करणारा नायकही एकमतानं पसंत पडला. "नोकरी लागाय परास पाणी लागणं सोपं हाय," असं एका उपवराच्या बापानं म्हटलं, तेव्हा त्याच्या आवाजाचा सिनेमाशी काही संबंध नव्हता.

आता 'कोर्ट'.

पुरस्काराला लायक आहे का, यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडण झालेला सिनेमा हाच. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यानं दोन बक्षिसं घेतली, मग सुवर्णकमळ घेतलं, मग भारतातर्फे ऑस्करलाही गेला. ज्यांना आवडला त्यांना फारच आवडला. ज्यांना आवडला नाही त्यांची तक्रार एकच : संथ आहे. कॅमेरा हलत नाही. माणसं येतात, बोलतात, जातात. कॅमेरा आपला बसलेला.

संथपणाची ही तक्रार घाटनांदूरकडून येऊ नये असं माझं मत होतं. दासोपंत आणि मुकुंदराज अंबाजोगाईला असतील, पण रेल्वे आमच्याकडे आहे; अंबाजोगाईच्या माणसाला गाडी धरायची तर आमच्या फलाटावर येऊन बसावं लागतं. परळी ते लातूर रोड हा एकेरी मार्ग. समोरची गाडी निघून जाईपर्यंत इकडची उभी. त्या बाकावर ज्यांनी आयुष्याचे तुकडे काढले, कुत्रं येतं, फलाटाच्या या टोकाकडून त्या टोकाला जातं आणि परत येतं एवढं संपूर्ण ज्यांनी पाहिलंय, त्यांना दोन मिनिटांचा न हलणारा शॉट काय करणार?

पुतण्यानं ओसरीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. गुरुजी आले, हॉटेलवाले मामा आले. तात्या खाटेवरच होते. तात्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण या सिनेमाचे आमचे मुख्य परीक्षक तेच. बांधावरून त्यांचा भावकीशी दावा चालू आहे. दावा लावला तेव्हाचे वकील पुढे जज झाले, नंतरचे पुढारी झाले, आताचे वकील पहिल्या वकिलांच्या हाताखाली होते. बांधावरची बाभळ दाव्यात आहे. ती आता एवढी मोठी झाली आहे की तिच्या सावलीत दोन्ही बाजूंचं काही पिकत नाही.

सिनेमा सुरू झाला. मॅनहोलमध्ये उतरलेला एक सफाई कामगार मेला आहे. पोलिसांचं म्हणणं, नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिराचं गाणं ऐकून त्यानं जीव दिला. खटला उभा राहतो. शाहिराचं काम वीरा साथीदार यांनी केलंय, ते स्वतः चळवळीतले होते. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी. बाकी पुष्कळ माणसं अशी की त्यांनी त्याआधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. कॅमेरा कोर्टात पक्षकार बसतात तिथून, लांबूनच, बघत राहतो.

वीस मिनिटांनी हॉटेलवाले मामा म्हणाले, "पिच्चर कवा सुरू व्हणार हाय?"

"झालाय," पुतण्या म्हणाला.

"मंग हे सगळं कामून दाखवूलालेत?"

तात्या मात्र उठून बसले होते. न्यायाधीश टंकलेखिकेला सांगून साक्ष उतरवून घेत होते आणि सरकारी वकीलबाई कायद्याचं कलम एका सुरात, श्वास न घेता, वाचत होत्या. तात्यांचे ओठ हलत होते. "आगदी आसंच," ते म्हणाले. "आगदी आसंच वाचत्यात. आपल्यालाच काय केलं ते आपल्याला कळत न्हाई." पोलिसांचा साक्षीदार हा नेहमीचाच ठरलेला साक्षीदार आहे, असं बचावाचा वकील म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी एकदम गुरुजींकडे बघितलं. गावात पंचनामा कुठलाही असो, सही गुरुजींची असते. गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

मध्येच काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि नेमक्या त्या वेळी सरकारी वकीलबाई कोर्टातून लोकलनं घरी निघालेल्या. पोराला घेतलं, घरी आल्या, स्वयंपाकाला लागल्या, नवऱ्याला वाढलं. काकू दारातच टेकल्या. "आगं बाई! कोट घालून बी चुकलं न्हाईच का हिला?" आणि लगेच निकाल दिला : "हिला द्या बक्षीस." एवढं बोलून त्या आत गेल्या, कारण भाकरी तव्यावर होती. गीतांजली कुलकर्णींच्या अभिनयावर पानंच्या पानं लिहून आली आहेत. मला काकूंचं पुरतं.

मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहिली तेव्हा मामांनीही बोलणं थांबवलं. ती सांगते, नवरा गटारात उतरायच्या आधी आत खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर येतात का बघायचा. झुरळं आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. ही बाई रडत नाही. भाजी कशी निवडतात ते सांगावं तसं सांगते. तात्या हळू आवाजात म्हणाले, "आडात उतरायच्या आधी आमी कंदील सोडायचो. इझला तर उतरायचं न्हाई." मग पुष्कळ वेळ नुसता सिनेमा चालू होता.

सिनेमा पुरस्काराला लायक आहे, हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं. ज्यानं आयुष्यभर तारखा केल्या त्याला सिनेमातल्या कोर्टात एक चूक सापडत नाही, आणि ज्यानं कधी मॅनहोल पाहिलं नाही त्याला त्यातून स्वतःचा आड आठवतो. याहून जास्त काम एका सिनेमाकडून करून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. 'वास्तववादी' असा शिक्का मारून समीक्षक मोकळे झाले. पण वास्तव तर आमच्याकडे फुकट मिळतं, त्यासाठी कुणी सुवर्णकमळ देत नाही. ताम्हाण्यांनी ते कुठे बसून बघायचं ती जागा बरोबर शोधली.

तरी मुख्य परीक्षकांचे आक्षेप नोंदवले पाहिजेत, कारण ते एकाही परीक्षणात आलेले नाहीत.

पहिला आक्षेप : बचावाचा वकील. विनय व्होरा नावाचा हा वकील मोठ्या घरचा, मोठ्या दुकानातून चीज आणि वाइन घेणारा. तात्यांना त्याचं काही नव्हतं. "माणूस चांगला हाय. मन लावून लढूलालाय. पण आख्ख्या पिच्चरात फी घेताना एकदा बी दावला न्हाई. हितं खोटं वाटतं."

दुसरा आक्षेप मी ऐकला तेव्हा मला आधी वाटलं, ते चुकून उलटं बोलले.

"लई भराभर उरकूलालेत," तात्या म्हणाले.

"भराभर? तात्या, लोक म्हणतात सिनेमा संथ आहे."

"कोन लोक? तेंचा दावा हाय का कुठं?" तात्या खाटेवरून पाय खाली सोडून बसले. "आरं, पुकारा झाला की साक्षीदार हजर. दोनी वकील हजर. एकदा एक दुखण्यानं आला न्हाई, ते बरोबर हाय. पण साहेब येकदा बी रजेवर न्हाईत. वकिलांचा बंद न्हाई. फाईल सापडत न्हाई आसं येकदा बी झालं न्हाई. हेच्यात आटक झाली, जामीन झाला, परत आटक झाली. दोन तासांत! आमचं आजून नकाशावर आडलंय."

एकशे सोळा मिनिटांचा सिनेमा. व्हेनिसपासून मुंबईपर्यंत ज्याच्या संथपणाची चर्चा झाली त्याच्यावर घाटनांदूरच्या परीक्षकांचा ठपका असा की त्यात वेगाची अतिशयोक्ती आहे. गुरुजी म्हणाले, कलेत थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. तात्यांनी ते मान्य केलं, पण बक्षिसातून काहीतरी कापून घ्यायला हवं होतं, असं त्यांचं मत पडलं.

शेवटाकडे सिनेमात उन्हाळ्याची सुट्टी लागते. शाहीर आतच. कोर्टाचं दालन रिकामं होतं, कर्मचारी एकेक दिवा बंद करत जातो आणि पडदा पूर्ण काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. मोठ्या शहरातल्या थिएटरांत इथे लोक सिनेमा संपला म्हणून उठायचे. आमच्या ओसरीवर मामा उठले, पण वेगळ्या कारणानं. "लाईट गेली," म्हणून ते बाहेर डीपीकडे बघायला गेले. पंखा चालू आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मामा परत आले तोवर पडद्यावर उजेड झाला होता. न्यायाधीश साहेब नातेवाइकांबरोबर सहलीला आलेले. कुणाच्या तरी पोराला बोलायला अडचण आहे म्हणून ते नाव बदलायचा सल्ला देतात. दुपारी बागेत बाकावर बसल्या बसल्या डोळा लागतो. पोरं जवळ येऊन ओरडतात, साहेब दचकून उठतात आणि हाताला सापडलेल्या एकाला ठेवून देतात. पोर रडतं. साहेब पुन्हा डोळे मिटतात. सिनेमा संपतो.

"संपला?" मामा म्हणाले. "मंग शाहीर?"

पुतण्या समजावून सांगायला लागला की दिग्दर्शकाला नेमकं हेच दाखवायचं आहे, निकाल महत्त्वाचा नाही. मामांना ते पटलं नाही. त्यांच्या मते निकालाशिवाय सिनेमा म्हणजे बिल न देता उठून जाणं. गुरुजींनी जाता जाता समतोल शेरा दिला : चांगला आहे, पण प्रेरणादायी नाही.

तात्या तेवढे शांत होते. खाटेच्या उशाशी ठेवलेली पिशवी काढून त्यांनी त्यातला तारखेचा कागद चष्म्याजवळ धरला.

"मे महिन्याची सुट्टी हाय ती," ते म्हणाले. "मव्ही बी जूनचीच दिलीय."

मग पुतण्याकडे वळले. "दुसरा भाग कवा येणार हाय हेचा?"

"तात्या, दुसरा भाग न्हाई."

"कसा न्हाई? जामिनाला वरच्या कोर्टात जावं लागंल की तेला," तात्या म्हणाले. "वकील तेवढा सोडू नको म्हणावं. बिनफीचा परत भेटायचा न्हाई."